ठिपक्यांची अक्षरं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

राहीने सांगितलं म्हणून ही डायरी. "आई, बाबा रोज काय बोलतात ते लिहून ठेव, डॉक्टरांना दाखवता येईल." लिहिण्यासारखं फारसं नाही. मागच्या पावसात मेंदूत रक्ताची गाठ अडकली, तेव्हापासून यांच्याजवळ एकच शब्द उरलाय. "चला." पाणी हवं असलं तरी चला, नको असलं तरी चला, पाय दुखला तरी चला. जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं. वर्गात शिरताना म्हणायचे तो शब्द तेवढा मागे राहिला. डॉक्टर म्हणतात, समजतं त्यांना सगळं, बाहेर येत नाही. उजवा हातही गेला. डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघोट्या.

म्हणून त्यांच्या वाटचं मीच बोलते. पोस्टाच्या काउंटरवर इतकी वर्षं काढली. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते कळायचं. ती सवय आता उपयोगाला येते.

उन्हाळ्यात घर बंद करून बदलापूरला राहीकडे जायचं चाललंय. तिच्या जवळच बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई आहेत.

संध्याकाळी कमलाकाकी आली. शेजारीच राहते, यांची चुलती लागते. "विहारात त्या वेदिकाने जुने कंप्युटर मांडलेत. म्हातारं-कोतारं, पोरंबाळं, कोणीपण या म्हणते. अमरला घेऊन ये गो. घरात बसून कौलं मोजतोय नुसता."

हे म्हणाले, "चला."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

विहाराच्या मागच्या खोलीत सहा टेबलं लावलीत. वेदिका शेजारच्या गावात शाळेत कंप्युटर शिकवते, तिशीची असेल. तिच्या शाळेच्या कोठीत चाळीसेक वर्षांपूर्वीची ही यंत्रं पडून होती, ती भंगारात निघाली तेव्हा हिने मागून घेतली. यंत्र म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड, बाकी काही नाही. त्याला जुना डब्याचा टीव्ही जोडायचा. टीव्ही वाडीतल्या लोकांनीच माळ्यावरून काढून दिले. आमचाही दिला.

बटण दाबलं की दोन सुरांचा आवाज होतो. पडदा काळाच राहतो. त्यावर एक बारीक रेघ लुकलुकते आणि पुढे काहीच होत नाही. चित्र नाही, जाहिरात नाही, मोबाईलसारखी टुणटुण नाही. आपण काही सांगेपर्यंत ते गप्प बसून राहतं.

"हे काही विचारत नाही का?" मी वेदिकाला म्हटलं.

"नाही काकू. ते आपल्यासाठी थांबतं."

यांनी डाव्या हाताच्या बोटाने एक बटण दाबलं आणि सोडलंच नाही. अख्खा पडदा एका अक्षराने भरून गेला. मी त्यांचा हात बाजूला घेतला, पोरं हसतील म्हणून. वेदिका म्हणाली, "असू द्या ना." त्यांनी पुन्हा दाबलं. खिडकीबाहेर समुद्र वाजत होता. खोलीत पडद्यांचा निळसर उजेड. मला डुलकी लागली. बऱ्याच दिवसांनी.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज धूर झाला. कोपऱ्यातल्या यंत्रातून फट्ट असा आवाज आला आणि पांढरा लोट उठला. करपलेल्या बांगड्यासारखा वास. पोरं किंचाळत बाहेर पळाली, मीही पळाले. अंगणात आल्यावर लक्षात आलं, हे आतच आहेत. मागे वळले तर यांनी खुर्चीवरून वाकून डाव्या हाताने पिन उपटून काढली होती आणि शांत बसले होते. "चला," म्हणाले.

वेदिका रडकुंडीला आली होती. पण स्क्रू काढून झाकण उघडल्यावर आत काय आहे ते बघायला सगळे गोळा झाले. टॉफीएवढा एक पिवळट भाग फुटला होता. रत्नागिरीत मिळतो म्हणे. कमलाकाकी डोकावून म्हणाली, "एवढंच होय याच्या पोटात? मना वाटलं काय नि काय असंल." तिची आठ वर्षांची नात सानवी तासभर आतल्या वाटा काढत बसली कागदावर. हिरव्या पाटीवरून जाणाऱ्या त्या चंदेरी वाटा वरून पाहिलेल्या गावासारख्या दिसतात.

मी यंत्राला माझं नाव विचारायला शिकवलं. नाव टाकलं की ते म्हणतं, नमस्कार स्नेहल. सगळं इंग्रजी अक्षरांत. मी जाते ती यांच्यासाठीच, पण बसल्या बसल्या काहीतरी करायला हवंच ना.

७ डिसेंबर, शनिवार

काल सहा डिसेंबर. निम्मी वाडी दादरला गेलेली, उरलेल्यांनी विहारात वंदना केली. आज खोलीत चारच माणसं.

कमलाकाकीने विचारलं, "यात माझं नाव कुठाय? मराठीतलं?" वेदिका म्हणाली, याला मराठी अक्षरं येत नाहीत. काकी उठलीच. "माझं नाव नाय तर मी कशाला येऊ गो?" काकी शाळेत गेलेली नाही. नाव लिहायला शिकावं एवढ्यासाठी येत होती ती.

वेदिकाने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. मग यंत्रांसोबत आलेलं पुस्तक चाळत राहिली. दिवेलागणीला ती ओरडलीच. यंत्राला आपली अक्षरं शिकवता येतात! एक चौकोन घ्यायचा. आडवे आठ ठिपके, उभे आठ. कुठले पेटवायचे, कुठले विझवायचे ते ठरवायचं. प्रत्येक ओळीचा एक आकडा होतो. ते आठ आकडे दिले की यंत्राला ते अक्षर कळलं.

काकीने कागदावरचे चौकोन बघितले. "हे मण्यांचं काम आहे," ती म्हणाली. "असली तोरणं केलीत मी." आणि पुन्हा नीट मांडी घालून बसली.

२४ डिसेंबर, मंगळवार

क झाला! एका चौकोनात मावेना म्हणून शेजारी दुसरा घेतला. सानवी बेरजा करते, काकी ठिपके सांगते, वेदिका आकडे टाकते. वरची ओळ सगळीच्या सगळी पेटलेली, कारण तिथे शिरोरेघ येते. काकी म्हणते, "सगळ्यांच्या डोकीवर एकच पत्रा."

पण क चं पोट वाकडं दिसत होतं. पोरांना ते चाललं असतं. हे मागे बसले होते ते उठले. काठी टेकत टेकत पडद्याजवळ गेले आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो विझवायला सांगत होते. मग दुसऱ्यावर, तो पेटवायला. वेदिकाने बदल केला आणि क एकदम क सारखा दिसायला लागला. सानवीने टाळ्या वाजवल्या. यांनी तिच्याकडे पाहिलं, ते जुन्या नजरेने. फळ्यासमोर उभे असायचे तेव्हाची ती नजर मला ओळखीची आहे.

तेवढ्यात लाईट गेली. सगळे पडदे विझले. परत आली तेव्हा यंत्र कोरं. क विसरलेलं. पोरं हळहळली. यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि म्हणाले, "चला."

११ जानेवारी, शनिवार

राही दोन दिवसांसाठी आली आहे. तिने खोली दाखवली फोनमध्ये, बदलापूरची. आमच्यासाठी रिकामी केलीय, खिडकीत कुंड्या ठेवल्यात. मला ती खोली बघतच राहावीशी वाटली. कोणीतरी दुसरं चहा करतंय, कोणीतरी दुसरं यांना धरून उठवतंय, आणि मी खिडकीशी आडवी झालेय, असं काहीतरी डोळ्यांसमोर तरंगत राहिलं.

जेवताना राहीने विचारलं, "बाबा, येणार ना आमच्याकडे?"

हे म्हणाले, "चला."

"बघ!" राहीला केवढा आनंद झाला. मीही हसले. जेवण टाकून हे उठले, पोट बरं नसेल.

२८ जानेवारी, मंगळवार

कलमांना मोहोर आलाय. सकाळी दार उघडलं की वासाने गुंगी येते.

गणपतीपुळ्याहून एक माणूस घर बघून गेला. आम्ही नसताना पर्यटकांना राहायला देईल. पडवीत लाद्या बसवू म्हणाला. हे खुर्चीत बसून "चला, चला" करत होते. मी त्या माणसाला म्हटलं, यांना पसंत दिसतंय.

दुपारी वर्गात यांनी पहिला अख्खा शब्द काढला. नको. न, क आणि त्याला काना-मात्रा. आता डाव्या हाताने स्वतःच ठिपके भरतात, सानवी फक्त बेरीज करून देते. सोपी अक्षरं म्हणून तोच शब्द सुचला असेल. मी म्हटलं, "छान आलाय हो, न ची दांडी अगदी सरळ." त्यांनी माझं मनगट धरलं आणि पडद्याकडे बोट केलं. मी पुन्हा म्हटलं, छान. मग मला दूध आणायला जायचं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोंबड्या कमलाकाकीकडे दिल्या. यांना खुराड्याकडे बघत बसलेलं पाहून जीव थोडा कालवला, पण बदलापूरच्या चौथ्या मजल्यावर कोंबड्या कशा नेणार?

वर्गात आज दोन शब्द. वर नको, खाली घर. घ त्यांना दोनदा पुसावा लागला. र मी काढला, माझी मीच, आणि बेरजाही माझ्याच. शिवाय मी एक गंमत केली. यंत्राला सांगून ती अक्षरं पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवली, होड्यांसारखी. पोरं खुळावली.

मी वाचलं, "घर नको." म्हणजे यांनाही घराचा कंटाळा आलाय तर! हे मला आधीच कळायला हवं होतं. तसं म्हटल्यावर त्यांनी टेबलावर जोरात हात आपटला. दमले होते. लवकर घरी आणलं आणि राहीला फोन करून सांगितलं, बाबाच म्हणतायत घर नको म्हणून.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

कमलाकाकीला आता पंधराएक अक्षरं वाचता येतात. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते, इतकं हळू की ऐकणाऱ्याला दुसरं काम करून यावंसं वाटतं. आज ती यांच्या टीव्हीसमोर बसली. गेल्या वेळचेच दोन शब्द होते. यांनी दर वेळी येऊन तेच दोन पुन्हा भरायचे असं चालवलंय.

"न," काकी म्हणाली. बराच वेळ गेला. "को. नको." मग खाली आली. "घ. र." पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, "काय नको रे, अमर?"

मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण काकी माझ्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिला कसलीही घाई नव्हती.

यांनी माझ्याकडे बोट केलं. मग स्वतःकडे. मग बाहेर, हातखंब्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्याकडे. मग मान हलवली, नाही म्हणून, दोनदा. आणि डाव्या हाताचा पंजा टेबलावर पसरून दाबून धरला.

"जायचं नाय तुला?" काकी म्हणाली. "हितंच ऱ्हायचंय?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टीव्हीची बारीक गुणगुण तेवढी चालू होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

रात्री झोप लागली नाही. आधी कमलाकाकीचा राग आला. तिला काय, विचारून मोकळी झाली. यांना आंघोळ कोण घालतं? कंबर कोणाची धरते? मग स्वतःचीच लाज वाटली. महिनाभर ते मला सांगत होते आणि मी न ची दांडी बघत होते.

दुपारी त्यांना धरून सड्याच्या, वरच्या कातळमाळाच्या कडेपर्यंत नेलं. गवत वाळून सोनेरी झालंय. खाली समुद्र इतका संथ की तो हलतोय की आपणच, ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "मला जायचंय. तुमच्या उपचारांचं खरं आहे, पण मलाच जायचंय. मी दमलेय हो. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल हे मला ठाऊक होतं."

इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "चला."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

आणि मी थांबले. त्यांचे ओठ हलले, मिटले. काजूच्या झाडावरून एक पक्षी उडाला, सावल्या लांबल्या. मी विचारलं एवढ्यानेच त्यांना बरं वाटलं की काय कोण जाणे. परतताना त्यांनी माझ्या खांद्यावर भार कमी टाकला.

६ मार्च, गुरुवार

यांनी आज नवा शब्द काढला. तू. आणि पुढे, जा.

तू जा.

मी वाचलं आणि उठले. त्यांना घेऊन घरी आले. इतकं सगळं करून हे ऐकायचं? भांडी घासताना खूप रडले. ते पडवीतून "चला, चला" म्हणत राहिले. मी गेले नाही.

११ मार्च, मंगळवार

शनिवारी मी वर्गात गेलेच नाही, सानवी त्यांना घेऊन गेली. आज ती घरी धावत आली. "काकी, चला ना, काकांचं झालं! तीन दिवस काढतायत. लई अवघड अक्षर हाय."

पडद्यावर वर तेच होतं, तू जा. त्याखाली दुसरा शब्द. पहिल्या अक्षराला दोन चौकोन लागले होते. त्याची शेपटी, त्याची गाठ, सगळं ठिपक्या ठिपक्याने बसवलेलं. झ. पुढे ओ ची मात्रा आणि प.

तू जा. झोप.

मी खुर्चीवर बसले. माझ्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते मी गिळलं. त्यांनी काठीने जमिनीवर टकटक केलं, मी इथे, असं. मग माझ्याकडे बोट करून मान तिरकी केली आणि तळहात गालाखाली धरला, लहान मुलं करतात तसा. कमलाकाकी बोट ठेवून वाचत होती. तिला झ अजून येत नाही. वेदिकाने तिच्या कानात सांगितलं.

"मग जा की," काकी मला म्हणाली. "आमी हाव ना हितं. माझा पोरगा सदू येईल त्याला आंघोळ घालायला, निजायला पण."

१६ मार्च, रविवार

घर सोडायचं नाही असं कळवलं, तर राहीशी भांडण झालं. "आई, ते काय म्हणतायत ते त्यांना तरी कळतं का?"

"कळतं."

"आणि उपचार? तुला तिथे काही झालं तर? मी इथून कशी धावत येणार?"

तिचंही चूक नाही, आणि तिने रिकामी केलेल्या खोलीचं मला वाईट वाटतं. शेवटी तिनेच बोलण्याचे उपचार करणाऱ्या त्या बाईंशी बोलून घेतलं. आठवड्यातून दोनदा वेदिकाच्या लॅपटॉपवर शिकवतील. बाईंनी ठिपक्यांचे फोटो बघितले आणि म्हणाल्या, हे सोडू नका. पूर्ण बोलायला लागतील असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलं होतं.

गणपतीपुळ्याच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. कोंबड्या परत आणल्या, एक कमी निघाली. काकी म्हणते मुंगसाने नेली.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या निघतेय. तीन आठवड्यांसाठी, एकटी. जयंतीला विहाराच्या अंगणात सगळे टीव्ही मांडले होते. येणारा-जाणारा थांबून आपल्या नावाचं अक्षर मागत होता. माझ्या सरकत्या अक्षरांपुढे बरीच गर्दी झाली. वेदिका म्हणते, परत आल्यावर मोठ्या बायकांचा वर्ग मी घ्यायचा. मी म्हटलं, मला कुठे काय येतं, मी आपली यांच्यासोबत येते.

बॅग भरताना हे शेजारी बसले होते. सदूने साबण कुठे ठेवायचा, गोळ्या कधी द्यायच्या, सगळं दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. दोघंही हसलो.

२९ एप्रिल, मंगळवार, बदलापूर

पहिले काही दिवस नुसती झोपले. उठले, खाल्लं, झोपले. स्वप्नात सारखे काळे पडदे यायचे आणि त्यांवर ठिपके उगवायचे, सड्यावरून दिसणाऱ्या होड्यांच्या दिव्यांसारखे. राही उशाशी पाणी ठेवून जाते. काल माझ्या केसांना तेल लावलं तिने. "आई, तू इतकी दमली होतीस हे मला कळलंच नाही," म्हणाली. मी म्हटलं, मलाही नव्हतं.

आज संध्याकाळी वर्गातून वेदिकाचा व्हिडिओ कॉल आला. मागे पोरांचा कालवा, कमलाकाकी मोठ्याने काहीतरी वाचतेय. वेदिकाने फोन यांच्या मागून टीव्हीकडे धरला. ते ठिपके भरत होते. पाठ माझ्याकडे, सदरा स्वच्छ, मानेवरचे केस नीट कापलेले. आठांतली वरची ओळ पूर्ण पेटली. मग दुसऱ्या ओळीत दोन ठिपके. मग बोट हवेत तसंच राहिलं, कितीतरी वेळ. तिसऱ्या ओळीत एक.

राही माझ्या खांद्यावरून बघत होती. "'ये' म्हणतायत बाबा," ती म्हणाली. "ये परत. हो ना? सांग त्यांना, येतेय म्हणून."

मी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"अजून पाच ओळी आहेत," मी म्हटलं.